हळदीला जयघोष नको, चाचणी हवी

शस्त्रक्रियेच्या वेळी कमरेत दिल्या जाणाऱ्या भुलीच्या इंजेक्शनविषयी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत एक समज घट्ट रुजला आहे. सिझेरियनच्या वेळी ‘कमरेतले इंजेक्शन’ घेतलेल्या स्त्रीची पाठ वीस वर्षांनंतर दुखू लागली, तरी खापर त्या इंजेक्शनवरच फुटते. गरोदरपणात कण्यावर आलेला ताण, प्रसूतीनंतरची आबाळ, अशक्तपणा, तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन केलेली घरकामे यांची नोंद कोणी घेत नाही. या जुन्या समजाच्या खांद्यावर बसून आता एक नवा समज घरात शिरू पाहत आहे. भुलीचे औषध मज्जातंतू जाळते, आणि हळद, अश्वगंधा, ब्राह्मी यांचे अर्क तो जळू देत नाहीत, हे म्हणे विज्ञानाने ‘सिद्ध’ केले आहे. या विधानाच्या पहिल्या भागात काही सत्य आहे. दुसऱ्या भागात त्याहून थोडे कमी आहे. ‘सिद्ध’ या शब्दात मात्र काडीचेही सत्य नाही.

असे सांगणारे दोन प्रकारचे असतात. एक श्रद्धावान, त्याला आपल्या पूर्वजांचे ज्ञान जगाने मान्य करावे असे मनापासून वाटते आणि त्यात गैर काहीच नाही. दुसरा विक्रेता, त्याला पहिल्याची श्रद्धा हवी असते. डबीवर ऋषीचे चित्र, आत परदेशी यंत्रावर दाबलेल्या गोळ्या आणि वेष्टनावर ‘नसांना बळ’ असे मोघम आश्वासन, एवढ्या सामग्रीवर हा व्यापार चालतो. स्वदेशीचा अभिमान हा व्रताचा विषय होता. त्याचा विक्रीचा माल झाला, हे पाहून ज्यांना चीड यायला हवी तेच आज त्या डबीचे ग्राहक आहेत.

या वादाचा निकाल व्याख्यानमालेत लागणार नाही. तो कसा लावावा याचा वस्तुपाठ मात्र महाराष्ट्रातच मिळतो, आणि तोही एखाद्या भव्य प्रयोगशाळेत नव्हे. महाबळेश्वरच्या पठारावरून प्रतापगडाला वळसा घालून आंबेनळी घाट पोलादपूरला उतरतो. तेथून पुढे महाडपर्यंतचा मुलूख भातशेतीचा, जांभ्या दगडाचा, मुसळधार पावसाचा आणि लाल विंचवाचा आहे.

बिरवाडीची नोंदवही

१९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाला. जालना जिल्ह्यातील एका गरीब शेतकरी घरातून आलेल्या या डॉक्टरचे नाव हिंमतराव बावस्कर. त्या काळी कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे बहुधा मृत्यूचे बोलावणे असे. गंभीर दंशाच्या दर शंभर रुग्णांपैकी तीस ते चाळीस दगावत. धडधाकट माणूस वा खेळते मूल काही तासांत फुप्फुसात पाणी भरून गुदमरत असे. रुग्ण आधी मांत्रिकाकडे जाई आणि उरलेला वेळ घेऊन सरकारी दवाखान्यात येई. वैद्यकीय ग्रंथांत याविषयी कामास येईल असे फार थोडे लिहिलेले होते.

बावस्करांनी ना मांत्रिकाला शिव्या दिल्या, ना परदेशी ग्रंथांना. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसले. नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचे तापमान यांची दर थोड्या वेळाने नोंद करीत रात्री काढल्या. ओकारी, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही पुढच्या हृदयविकाराची पूर्वसूचना असते, हे त्या नोंदींतून उलगडले. १९८२ मध्ये ते निरीक्षण ‘लॅन्सेट’ या जगविख्यात नियतकालिकाने छापले. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी या रुग्णांना वेळेवर देऊन पाहिली. विषाच्या झटक्याने आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. त्याविषयीचा निबंध १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच आला. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये शासनाने त्यांना पद्मश्री दिली. बिरवाडीतल्या पहिल्या नोंदीपासून मोजले तर शासनाला त्यासाठी साडेचार दशके लागली.

या प्रकरणाचा भुलीच्या औषधाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो वरवरचा नाही. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमच्या कणांसाठी अतिसूक्ष्म दारे असतात. दार उघडले की सोडियम आत शिरते आणि वेदनेचा संदेश पुढे धावतो. लाल विंचवाचे विष ही दारे मिटू देत नाही. संदेशांचा लोंढा थांबत नाही आणि दंशाची आग सुटते. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन ही भुलीची औषधे नेमके उलट करतात. ती दारे बंद करतात आणि तेवढा भाग बधिर होतो. म्हणूनच विंचू चावलेल्या बोटाभोवती लिग्नोकेन टोचून वेदना थांबवण्याची रीत दवाखान्यांत रुळली. एकाच दारावर विषही आहे आणि औषधही. त्यातले काय, किती आणि केव्हा, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

इजा कोठे होते?

भुलीच्या औषधाने मज्जातंतूला इजा होऊ शकते, ही अफवा नव्हे. औषध फार तीव्र असले किंवा एकाच जागी साचून राहिले, तर तंतूच्या पेशीत कॅल्शियम अतोनात वाढते, तिची ऊर्जानिर्मिती कोलमडते, प्राणवायूचे विध्वंसक कण साचतात आणि पेशी आत्मनाशाच्या वाटेला लागते. याची कठोर प्रचिती १९९१ मध्ये अमेरिकेत आली. केसाएवढ्या बारीक नळीतून कण्यात सतत भूल सोडण्याची पद्धत तेथे नवी होती. त्या बारीक धारेमुळे औषध मज्जारज्जूच्या टोकाशी साचत गेले आणि काही रुग्णांना पायांतील बळ व मलमूत्रावरील ताबा गमवावा लागला. १९९२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्या नळ्या बाजारातून काढायला लावल्या. कण्यात वापरले जाणारे ५ टक्के तीव्रतेचे जड लिग्नोकेनही त्यानंतर मागे पडत गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रुग्णांचे रक्षण कोणत्या अर्काने झाले नाही, ते तीव्रता आणि मात्रा घटवल्याने झाले. हा मार्ग फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

आणि या इजेचे प्रमाण किती? ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांनी देशभरातील सात लाखांहून अधिक कण्यातील भुलींचा मागोवा घेऊन २००९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. सगळ्यात निराशावादी हिशेब धरला तरी कायमची इजा एक लाखात सुमारे चार रुग्णांना, आणि आशावादी हिशेबाने दोघांना. ज्या पाठदुखीचे खापर इंजेक्शनवर फोडले जाते, तिचा या इजेशी काही संबंध नाही. कण्यातील भुलीमुळे दीर्घकाळची पाठदुखी जडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही.

आता या आकड्यासमोर ‘वनस्पतीने मज्जातंतू वाचतात, हे सिद्ध झाले आहे’ हा दावा ठेवून पाहावा. लाखात दोन-चार माणसांना होणारी इजा एखाद्या अर्काने टळते हे माणसांवर दाखवायचे, तर अर्क दिलेले काही लाख रुग्ण आणि न दिलेले काही लाख रुग्ण तपासावे लागतील. मग ज्या वेष्टनावर हा दावा छापलेला आहे, त्याच्या मालकाने इतकी माणसे कोठे, केव्हा तपासली?

बशीतली हळद आणि पोटातली हळद

वनस्पतींच्या बाजूने जे संशोधन झाले आहे, ते खोटे नाही. हळदीतील कर्क्युमिनमुळे ब्युपिव्हाकेनने होणारी मज्जापेशींची हानी घटते, असा चिनी संशोधकांचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉलसारख्या इतर वनस्पतिजन्य द्रव्यांवरही याच दिशेने काम झाले आहे. त्यामागचा तर्क स्वच्छ आहे. विध्वंसक कण शोषून घेणारे आणि पेशीतील जगण्याचे संदेश जागे ठेवणारे द्रव्य मिळाले, तर पेशी तग धरील.

परंतु त्या २०१६ च्या प्रयोगातील पेशी कोणत्या होत्या? मज्जापेशींच्या एका कर्करोगाच्या गाठीतून काढून पिढ्यानपिढ्या काचेच्या बशीत वाढवलेल्या. त्यांच्यावर कर्क्युमिन थेट ओतता येते. माणसाच्या पोटात गेलेल्या हळदीची गोष्ट निराळी. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन वजनाच्या सुमारे तीन टक्केच असते. त्यातलेही आतड्यातून फारच थोडे रक्तात पोहोचते आणि जे पोहोचते ते यकृत लगोलग मोडून टाकते. बशीतल्या पेशीला मिळालेले कर्क्युमिन दुधातल्या चमचाभर हळदीतून कमरेच्या मज्जामुळांपर्यंत पोहोचेल, ही निव्वळ कल्पना झाली. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामवंत अमेरिकी नियतकालिकाने कर्क्युमिनवरील शंभराहून अधिक मानवी चाचण्यांचा धांडोळा घेतला. रुग्ण व डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवून केलेली एकही चाचणी त्यांत यशस्वी ठरलेली आढळली नाही. हळदीच्या भक्तांनी हा निबंध वाचून रागावावे जरूर. पण आधी वाचावा.

रक्तात पोहोचण्याच्या अडचणीवर तोड काढण्याचा प्रयत्न भारतातच झाला होता. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की काळ्या मिरीतील पायपरिन सोबत दिले तर माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता वीस पटींनी वाढते. हा प्रयोग मोलाचा होता. बाजाराने त्यातली वीस पट तेवढी उचलली आणि उरलेला अर्थ सोडून दिला. यकृताचे औषध मोडण्याचे काम पायपरिन मंदावते, म्हणूनच कर्क्युमिन टिकते. आणि लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन ही औषधेही त्याच यकृतात मोडली जातात. ज्या गोळीने भुलीपासून रक्षण व्हायचे, तीच भुलीचे औषध शरीरात अधिक काळ रेंगाळत ठेवणार नाही कशावरून? हा प्रश्न विचारणाऱ्याला स्वदेशद्रोही म्हणून चालणार नाही.

‘वनस्पती आहे, अपाय होणारच नाही’ हे वाक्य तर आयुर्वेदाचाच अपमान करणारे आहे. धोतरा, बचनाग, बिब्बा हे काही कारखान्यात तयार झालेले नाहीत. त्यांच्या शोधनाचे काटेकोर विधी ज्यांनी सांगितले, त्या आचार्यांना वनस्पतीची ताकद ठाऊक होती. इटलीमध्ये २०१९ साली हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले आणि तेथील शासनाला वेष्टनांवर इशारा छापायला लावावा लागला. १९९० मध्ये नोंदलेले आणखी एक उदाहरण भुलीच्या संदर्भात अधिक बोलके आहे. अतिरेकी प्रमाणात लसूण खाणाऱ्या एका ८७ वर्षांच्या गृहस्थाच्या कण्यात आपोआप रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब आला. तेथे सुई टोचलेलीही नव्हती. रक्त पातळ करणारा अर्क शरीरात असताना कण्यात सुई गेली, तर काय घडू शकते याचा विचार ज्याचा त्याने करावा. मज्जातंतू वाचवण्यासाठी घेतलेली गोळीच मज्जातंतू चिरडण्यास कारण होऊ शकते.

जीभ बधिर झाली, पुढे काय?

या सगळ्या प्रकरणात खरे शल्य निराळेच आहे. लिग्नोकेनचा जन्म एका वनस्पतीच्या शोधातूनच झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्वीडनमध्ये १९३०च्या दशकात हान्स फॉन ऑयलर-केल्पिन हे रसायनशास्त्रज्ञ बार्लीच्या, म्हणजे आपल्या जवाच्याच, काही रोपांतील ग्रामिन नावाच्या द्रव्याचा अभ्यास करीत होते. त्याची रचना पडताळण्यासाठी होल्गर एर्टमन यांनी आयसोग्रामिन नावाचे जुळे द्रव्य तयार केले. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांच्या सवयीप्रमाणे त्यांनी ते चाखून पाहिले आणि जीभ बधिर झाली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांचे सहकारी निल्स लोफग्रेन यांनी त्या धाग्यावर एकामागून एक रसायने रचली. १९४३ मध्ये बेंग्ट लुंडक्विस्ट यांच्यासह ते लिग्नोकेनपर्यंत पोहोचले. लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या शरीरावर टोचून पाहिले. १९४८ पासून ते जगभर विकले जाऊ लागले आणि आज दाताच्या प्रत्येक दवाखान्यात आहे.

जीभ बधिर होण्याचा अनुभव कोकणाला नवा होता काय? दाढ ठणकली की अक्कलकऱ्याचे बोंड चघळावे, लवंग दाबून धरावी, हे घरोघरी ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्माआधी रुग्णाला मद्य पाजण्याची सूचना आहे, म्हणजे शस्त्राची वेदना त्याला जाणवू नये. तिच्याच कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे वर्ग पाडलेले आहेत. निरीक्षणाची परंपरा आपल्याकडे होती. शारीरस्थानात तर मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून, थर उलगडत प्रत्यक्ष पाहण्याची पद्धत सांगितली आहे. सुश्रुताचा वारसा सांगणाऱ्याने ‘प्रत्यक्ष’ हा शब्द गाळून पुढे जाता येत नाही. जिभेचा तोच अनुभव स्वीडनमध्ये पुढच्या प्रयोगाची सुरुवात ठरला आणि आपल्याकडे आजीच्या बटव्यात मिटून राहिला. दोष आजीचा नाही. शिकलेल्या नातवाने त्या बटव्याला एक तर हार घातला किंवा त्याची टवाळी केली. उघडून तपासला मात्र नाही.

टवाळी करणाऱ्यांचाही हिशेब येथे चुकता केला पाहिजे. देशी औषधाचे नाव निघताच ‘अंधश्रद्धा’ असा शिक्का मारणारा एक वर्ग शहरांत आहे. त्याला परदेशी नियतकालिकातील ‘कर्क्युमिन’ चालते, घरातील हळद चालत नाही. न तपासता नाकारणे ही न तपासता स्वीकारण्याचीच दुसरी बाजू होय. अमेरिकेने मार्च १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले, तेव्हा ही टवाळी उपयोगी पडली नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. जुने संस्कृत संदर्भ आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या (इंडियन मेडिकल असोसिएशनच्या) नियतकालिकातील १९५३ चा निबंध पुरावा म्हणून मांडला गेला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

तो विजय अभिमानास्पद होता, पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला गेला नाही. अमेरिकी कार्यालयाने एवढेच मान्य केले, की हा वापर नवा नाही. तो गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. ‘हे आमचे आहे’ हे आपण जिंकले; ‘हे लागू पडते’ हे जिंकण्यासाठी दुसरी लढाई लढावी लागते, आणि ती रुग्णाच्या खाटेशेजारी लढली जाते.

ती लढाई एका मुंबईकराने जिंकून दाखवली होती. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उपयोग उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे पाहिला, मोजला आणि ५० रुग्णांच्या नोंदी १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडल्या. सर्पगंधेकडे जगाचे लक्ष वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मान भारताला मिळाला, गोळी स्वित्झर्लंडची झाली. नोंद करणारा एक जण पुढे आला म्हणून निदान मान तरी मिळाला.

नोंद न करता केवळ माल विकला तर काय होते, हे सह्याद्रीच्या रानाने पाहिले आहे. नरक्या हे घाटमाथ्यावरच्या सदाहरित जंगलातले झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांचे मूळ द्रव्य आहे, हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्या द्रव्यापासून परदेशी कंपन्यांनी औषधे घडवून १९९६ पर्यंत बाजारात आणली. येथील लोकांच्या वाट्याला आली ती कुऱ्हाड. पश्चिम घाटातील नरक्याची झाडे मुळासकट तोडली गेली, लाकडाचे तुकडे करून पोत्यांतून चोरट्या वाटांनी बाहेर गेले. तोडणाऱ्या गरिबाला हातावर पोट भरण्यापुरती मजुरी मिळाली. उद्या मज्जातंतूंच्या रक्षणासाठी एखाद्या वनस्पतीचे नाव जगात गाजले, तर बांधावरच्या कारिवण्याचे आणि रानातल्या कंदांचे याहून वेगळे होईल, असे मानण्यास आधार नाही.

मागणी कशाची करावी?

म्हणून मागणी जयघोषाची नव्हे, चाचणीची केली पाहिजे. २०१४ मध्ये केंद्रात आयुष मंत्रालय स्वतंत्र झाले. मानवी चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून चाचणीची नोंद आधी करणे बंधनकारक आहे. साधने आहेत. मधुमेही उंदरांच्या मज्जातंतूंवर भुलीच्या औषधाचा अधिक दुष्परिणाम होतो, हे १९९०च्या दशकापासून ठाऊक आहे. आणि पायाच्या जखमेवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागणाऱ्या मधुमेही रुग्णांची या देशात वाण नाही. लाखात चार जणांच्या इजेमागे न धावता आधी या जोखमीच्या रुग्णांत, पायाला भूल दिल्यानंतर बधिरता किती तास टिकली, सातव्या दिवशी आणि सहाव्या आठवड्यात मुंग्या व अशक्तपणा किती उरला, हे मोजता येईल. अर्कातील द्रव्याचे प्रमाण ठरलेले असावे, निम्म्या रुग्णांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी मिळावी, आणि कोणाला काय मिळाले हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नसावे. निकाल विरुद्ध गेला तरी तो छापला जावा.

ही शेवटची अट सर्वांत जड आहे, आणि ती पाळण्याचे उदाहरणही महाडचेच आहे. प्राझोसिनने बावस्करांना जगात ओळख दिली. विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी आपल्याच औषधाची परीक्षा घेतली. ७० रुग्ण घेतले. निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८ होते आणि दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२. केवळ आपल्या गोळीवर विसंबण्यापेक्षा प्रतिविषाची जोड सरस ठरते, हा निकाल त्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. तालुक्याच्या गावातील एका खासगी रुग्णालयात हे होऊ शकले. मोठमोठ्या अनुदानांवर चालणाऱ्या संस्थांना ते का जमू नये, याचे उत्तर त्या संस्थांनी द्यावे.

चाचणी होईपर्यंत घराघरांतील व्यवहार मात्र सावधच असावा. स्वयंपाकातल्या हळदीला कोणी हात लावण्याचे कारण नाही. कॅप्सूल, काढे, लसणाच्या व अश्वगंधेच्या गोळ्या यांची गोष्ट वेगळी. शस्त्रक्रियेआधी तपासायला आलेल्या भूलतज्ज्ञांना त्यांची नावे सांगावीत, शक्यतो डबीच नेऊन दाखवावी. अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अशी पूरक औषधे नियोजित शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी थांबवण्याचा सल्ला दिलेला आहे. ‘औषधे काय चालू आहेत?’ या प्रश्नाला आपल्याकडे बहुतेक जण रक्तदाबाची आणि साखरेची गोळी तेवढी सांगतात. काढा हे त्यांच्या लेखी औषधच नसते. भूलतज्ज्ञांनीही तो प्रश्न मराठीत, काढ्याचे आणि चूर्णाचे नाव घेऊन विचारावा.